रंगीत घड्याळाची पारख

बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या बाजारात दोन-तीनशे रुपयांपासून हजारापर्यंतची रंगीत घड्याळं मिळतात. गुलाबी पट्टा, फिरोजी डायल, कडेने चमकत्या खड्यांची ओळ, आकड्यांच्या जागी फुलपाखरं. राखीपौर्णिमा, दिवाळी आणि कॉलेज सुरू होण्याचे दिवस आले की त्यांना गिऱ्हाईक वाढतं. घेणारा बहुतेक वेळा कापसाचे नाहीतर मजुरीचे पैसे मोजून देत असतो. घड्याळातलं कळणारी माणसं मात्र या मालावरून नुसती नजर फिरवतात आणि ‘फॅशनचं आहे, टिकायचं नाही’ असा निकाल देतात. हा निकाल मला घाईचा वाटतो. वस्तूची प्रत वेगळी आणि तिचं मोल वेगळं. दोन्ही ठरवायची तर ती वस्तू कशासाठी आहे आणि कोणासाठी आहे, हे आधी विचारायला हवं.

घड्याळाचं मोल आपल्याकडे बराच काळ प्रतिष्ठेच्या मापाने मोजलं गेलं. 1961मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने बंगळूरमध्ये घड्याळं बनवायला सुरुवात केली, तेव्हा पहिली घड्याळं पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. पुढची दोन-तीन दशकं चावीचं एचएमटी ही नोकरी लागल्याची, नाहीतर लग्न ठरल्याची खूण होती. सायकल आणि रेडिओबरोबर जावयाला घड्याळ द्यावं लागे आणि त्यासाठी मुलीच्या बापाला कर्ज काढावं लागे. ते घड्याळ टिकाऊ होतं, देखणं होतं, दुरुस्तही होत असे. पण ते बहुतेक पुरुषाच्या मनगटावर असे आणि रोज चावी देऊनही काही सेकंद पुढेमागे होई. आज ज्या घड्याळाला आपण हलकं म्हणतो, ते वेळ सांगण्याच्या कामात त्या मानाच्या घड्याळापेक्षा सरस आहे. पारखीची सुरुवात इथून करायला हवी.

याचं कारण घड्याळाच्या पोटात, गारगोटीच्या जातीच्या एका स्फटिकात आहे. क्वार्ट्‌झच्या दोन शाखांच्या चिमुकल्या तुकड्याला विजेचा हलका धक्का मिळाला की तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. दोनाचा पंधरावा घात म्हणजे हीच संख्या. म्हणून घड्याळातलं सर्किट तिला सलग पंधरा वेळा निम्मं करतं आणि शेवटी सेकंदाला नेमका एक ठोका उरतो. त्या ठोक्यावर एक इवली मोटर काटा पुढे ढकलते. सेइको कंपनीने 25 डिसेंबर 1969 रोजी टोकियोत क्वार्ट्‌झचं तंत्र मनगटी घड्याळात घालून पहिल्यांदा विक्रीला आणलं. त्या ‘ॲस्ट्रॉन’ची किंमत साडेचार लाख येन होती. तेच तंत्र आज गेवराईच्या हातगाडीवर मिळतं. स्वस्त घड्याळांत सर्रास बसवल्या जाणाऱ्या मियोटा 2035 या जपानी मशीनचा फरक महिन्याला वीस सेकंदांच्या आत राहील, अशी बनवणाऱ्याची ग्वाही आहे. लाखाच्या चावीच्या घड्याळालाही इतका नेमकेपणा सहसा साधत नाही. विषमतेने पोखरलेल्या समाजात श्रीमंताचा आणि मजुराचा सेकंद सारखा झाला, ही विसाव्या शतकातली मोठी घटना आहे. तिची नोंद आपण पुरेशी घेतलेली नाही.

मग रंगाचं काय? रंगीत घड्याळ उथळ असतं हा समज स्वित्झर्लंडने स्वतःच मोडला. क्वार्ट्‌झच्या लाटेत तिथला जुना धंदा बुडायला आला होता. अशा वेळी 1 मार्च 1983 रोजी झुरिकमध्ये स्वॉच बाजारात आलं. घड्याळाला एरवी नव्वदाहून अधिक भाग लागत. एर्न्स्ट टोम्के यांच्या हाताखालच्या एल्मार मॉक आणि जाक म्युलर या अभियंत्यांनी ते 51वर आणले. मशीन प्लॅस्टिकच्या कवचातच थेट बसवलं आणि कवच भडक, खेळकर रंगांत रंगवलं. स्विस घड्याळउद्योग पुन्हा उभा राहिला, त्यात या स्वस्त आणि रंगीत घड्याळाचा वाटा मोठा होता.

सौंदर्यविचाराच्या अंगानेही रंगाला कमी लेखता येत नाही. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ने (1974) मराठी वाचकाला तत्त्वज्ञ कान्टशी झुंजायला शिकवलं. कान्ट दोन प्रकारचं सौंदर्य मानतो. फूल नुसतं पाहून सुंदर वाटतं, ते कशासाठी आहे हे विचारावं लागत नाही. इमारतीचं तसं नाही. ती कशासाठी आहे याची कल्पना मनात धरूनच तिचं सौंदर्य जोखलं जातं. घड्याळ या दुसऱ्या जातीचं. त्यामुळे डायल गुलाबी आहे, एवढ्यावर काहीच ठरत नाही. गुलाबी डायलवर गुलाबीच काटे असतील आणि संध्याकाळी बसस्टँडवर वेळ दिसेना झाली, तर रंगाने घड्याळाचा घात केला. तीच डायल आणि तिच्यावर ठसठशीत पांढरे काटे असतील, तर रंग कामाला आला. कवी-समीक्षक मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वं मांडली. घड्याळाच्या डायलवर त्यातला विरोध सर्वांत मोलाचा आहे.

गोदावरीकाठचं पैठण गेवराईला जवळच. तिथल्या हातमागावरच्या पैठणीची पारख करणारी बाई पदर उलटा करून पाहते, कारण खऱ्या विणीची नक्षी मागूनही तितकीच स्वच्छ दिसते. घड्याळही असंच उलटं करून पाहावं. पाठीवर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं कोरलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की मागचं झाकण पोलादाचं आहे. पुढची चकाकी जस्ताच्या मिश्रधातूवरचा मुलामा असू शकते. घामाने तो उडतो आणि खालच्या निकेलने कुणाच्या मनगटाला खाज सुटते. ‘वॉटर रेझिस्टंट 30 मीटर’ लिहिलेलं घड्याळ घालून पोहू नये. हात धुताना किंवा पावसात उडणारे शिंतोडे सोसण्यापुरतंच ते बळ असतं. डायलवर आणखी तीन छोट्या डायली दिसतात. त्यांचे काटे कधी हलतच नाहीत, कारण ते नुसते चिकटवलेले असतात. आणि ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकलं जाणारं घड्याळ तर दुसऱ्याच्या नावावर जगतं.

माझ्या लेखी स्वस्त घड्याळाची प्रत इथे ठरते. प्लॅस्टिकचं कवच प्लॅस्टिक म्हणूनच समोर येत असेल, तर त्यात कमीपणा काही नाही. न चालणारी डायल चालत असल्याचा आव आणते, तेव्हा घड्याळ खोटं पडतं. वेळ खरी सांगणं हेच ज्याचं काम, त्याने स्वतःबद्दल खोटं सांगावं, ही विसंगती मला सहन होत नाही. कमी पैशांत जे देता येतं ते सरळपणे देणारं साधं घड्याळ मी नकली सोनेरी घड्याळाच्या फार वर ठेवीन.

मोल मात्र जागेप्रमाणे बदलतं. स्वॉचचं कवच उघडून मशीन दुरुस्त करण्याची सोयच नव्हती. सेल तेवढा बदलता येई. झुरिकमध्ये ते चालून गेलं. गेवराईत वस्तू दुरुस्त करून वापरण्याची रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे. इथे घड्याळ घेताना मागचं झाकण उघडतं का, पट्टा साध्या पिनेवर बसतो का, मशीन बदलून मिळेल का, हे प्रश्न रंगाच्या आधी यावेत. सेल कोणता पडतो हेही विचारावं. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल शेवटपर्यंत जवळजवळ सारखा दाब देतो. अल्कलाइनचा दाब हळूहळू उतरतो आणि संपलेला सेल आतच राहिला तर पाझरून मशीन खातो. ऊनही लक्षात घ्यावं. घड्याळातला क्वार्ट्‌झचा स्फटिक साधारण 25 अंशांना जुळवलेला असतो. त्याहून फार तापला किंवा गारठला तरी तो मंदावतो. मे महिन्यात चाळिशीपार तापलेल्या पत्र्याखाली टांगलेलं घड्याळ रोज अर्धा-पाऊण सेकंद मागे पडेल. मनगटावर कातडीच्या उबेत ते अधिक इमानी राहतं. घड्याळ हातात वापरावं, त्याचं हे एक साधं कारण.

मोबाइलमध्ये वेळ दिसत असताना घड्याळ कशाला, असं विचारणाऱ्याच्या खिशात स्वतःचा मोबाइल असतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019–21) देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या सुमारे 54 टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. उरलेल्या बायकांनी वेळ विचारायची ती दुसऱ्यालाच. आणि वेळ ज्याच्या हातात असते, त्याच्या हातात बरंच काही असतं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या गिरण्यांत मालक सकाळी आणि संध्याकाळी घड्याळ हवं तसं फिरवत आणि मजूर स्वतःचं घड्याळ बाळगायला घाबरत, याच्या साक्षी इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी 1967च्या निबंधात नोंदवल्या आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. सकाळी साडेसहाला काम सुरू व्हावं, सूर्यास्ताला थांबावं, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, रविवारी सुट्टी असावी. रविवारची सुट्टी 1890मध्ये मिळाली. या मागण्यांतल्या बहुतेक घड्याळाच्या भाषेतल्या होत्या.

बीड जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. दिवाळीच्या सुमाराला इथून हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, एखादा दिवस चुकला तर खाडा पडतो. पहाटे गाडी भरायची वेळ कारखाना आणि मुकादम ठरवतात. त्यांची मुलगी मागे राहून आजीजवळ किंवा वसतिगृहात शिकत असेल, तर तिच्या मनगटावरचं तीनशे रुपयांचं जांभळं घड्याळ ही तिच्या मालकीची वेळ आहे. परीक्षेच्या पेपरला किती मिनिटं उरली, शेवटची एसटी कधीची, हे तिला कुणालाही विचारावं लागत नाही. जांभळा रंग तिने स्वतः निवडलेला असतो. ज्या घरात निवडीच्या संधी थोड्या, तिथे तोही मोलात धरावा.

म्हणून घेणाऱ्याला माझं सांगणं साधं आहे. सेकंदकाटा प्रत्येक खुणेवर नीट पडतो का, ते मिनिटभर थांबून पाहा. घड्याळ उलटं करा, झाकण उघडून मशीन पाहायला मागा. पेटीवर कमाल किरकोळ किंमत आणि बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता हवाच, कायदा तसं बंधन घालतो. पावती मागण्यात संकोच नको. एवढं जुळत असेल तर रंग मुलीला निवडू द्या. ज्या घड्याळाच्या डायली खऱ्या आहेत, ज्याचं झाकण उघडतं आणि ज्याची वेळ महिनाभर जुळून राहते, ते दोनशे रुपयांना मिळालं तरी चांगलं घड्याळ आहे.