वतनाविना याजक

लेवी वंशाला कनान देशात वतन मिळाले नाही; परमेश्वर हाच त्यांचे वतन, असे पवित्र शास्त्र सांगते. मिळाली ती सर्व वंशांच्या प्रदेशांत विखुरलेली ४८ नगरे व त्यांभोवतीची गायराने. त्यांपैकी १३ नगरे अहरोनवंशीय याजकांची.

आपल्याकडे वतन म्हटले की जमीन व मान दोन्ही आठवतात. लेवीची स्थिती मात्र वतनदारापेक्षा बलुतेदाराशी अधिक जुळते. खळ्यावर रास पडली, तर त्याचा दशांश. पाऊस हुकला, तर त्याचीही चूल थंड. यवतमाळच्या कापूस पिकवणाऱ्या कुटुंबांना हे उलगडून सांगावयास नको.

हे परावलंबन याजकाला हितकारक काय? धोका उघड आहे. ‘शास्ते’ ग्रंथातील तरुण लेवी वर्षाला १० शेकेल चांदी व अन्नवस्त्र यांवर मीखाच्या मूर्तिघराचा पुरोहित झाला. तरीही मी ही व्यवस्थाच श्रेयस्कर मानतो. तिसऱ्या वर्षाच्या दशांशासाठी ‘अनुवाद’ ग्रंथ लेवीला उपरी, पोरका व विधवा यांच्याच पंक्तीस बसवतो; भरल्या कोठाराच्या धन्याला तेथे पान नाही.

अर्थात पंक्तीत वाढणारेही हवेत. नहेम्याच्या काळी लेवींचा वाटा थांबला आणि ते मंदिर सोडून शेतांकडे गेले, तेव्हा नहेम्याने जाब विचारला तो अधिकाऱ्यांना.