फरशीचा मळ आणि विटाळ

दगडी फरशी पुसताना बहुतेक घरांत दोन कामे एकाच बादलीत उरकली जातात: मळ काढणे आणि जागा शुद्ध करणे. धर्मशास्त्रातही दोन्ही ‘शुद्धी’ या एकाच विषयात येतात. त्यातून प्रश्न उभा राहतो की, अशुद्धी वस्तूत असते की मानणाऱ्याच्या मनात?

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शुद्धीची रीत द्रव्यागणिक बदलते. तांब्या-काशाला क्षार आणि आम्ल सांगितले आहे; दगडी वस्तूंना राख, माती आणि पाणी. जमिनीसाठी झाडणे, सारवणे, शिंपडणे, खरवडणे आणि गाई बसवणे. दगडाच्या वाट्याला आम्ल आलेले नाही, आणि रसायनशास्त्र त्याला दुजोरा देते. शहाबादी आणि कोटा या चुनखडीच्या फरश्या. लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा बाथरूमचे ॲसिड पडले की बुडबुडे येतात, झिलई जाते आणि पांढरट चट्टा कायमचा राहतो. जुन्या वाड्यांतला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, आम्लापुढे अधिक तग धरतो, पण तेल शोषून घेतो.

कोल्हापुरात दगड जपण्याचा प्रश्न थेट गाभाऱ्यात उभा राहिला. अंबाबाईची मूर्ती पाषाणाची. अभिषेकातल्या दूध, दही, मध, साखर यांचे अंश दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, तिथे बुरशी धरते आणि पुन्हा पुन्हा घासल्याने पृष्ठभाग झिजतो. 2015 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी मूर्तीचे रासायनिक संवर्धन केले. अभिषेक आता उत्सवमूर्तीवर होतात. यात भक्तीला उणेपणा येत नाही. देवतेचा देह जपणे हीदेखील पूजाच आहे.

विटाळाची गोष्ट मात्र वेगळी. मनुस्मृतीच्या त्याच पाचव्या अध्यायात रजस्वला, बाळंतीण आणि चांडाळ यांच्या स्पर्शानंतर स्नान सांगितले आहे. दगडाबद्दल इतका नेमका असणारा ग्रंथ इथे माणसाला डाग ठरवतो. त्या स्पर्शाने फरशीवर काहीही उमटत नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या ओसऱ्या त्यासाठी धुतल्या गेल्या. शाहू महाराजांनी 1919 मध्ये करवीर संस्थानात सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि सरकारी इमारतींत शिवाशीव पाळण्यास मनाई केली. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. द्रव्यशुद्धीतले जे पारखून टिकते ते घ्यावे. विटाळाला मात्र पाण्याचा एक थेंबही देऊ नये.

उरतो तो खरा मळ. फरशी आधी मऊ केरसुणीने झाडावी, कारण धुळीतले वाळूचे कण चुनखडीपेक्षा कितीतरी कठीण असतात आणि ओल्या फडक्याखाली ते ओरखडे पाडतात. मग साधे पाणी, फार तर सौम्य साबण. बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर ते साचू न देता कोरड्या फडक्याने टिपावे. देवघरात पंचामृत ताम्हणातच राहावे, समईखाली ताटली असावी. तेल सांडलेच तर शंखजिऱ्याच्या पुडीचा पाण्यात घट्ट लेप करून डागावर थापावा, प्लास्टिकने झाकून दिवसभर ठेवावा, मग उघडून पूर्ण वाळू द्यावा. वाळताना तो दगडातले तेल वर ओढतो. जुना डाग एका लेपाने जात नाही. तोच उपाय पुन्हा करावा लागतो.