वयाचा दाखला आणि मुलीचा होकार

एखादा उर्दू विनोदी प्रेमपट ब्रिटनमध्ये लागतो, तेव्हा त्याच्या जाहिरातीवर वयाचा आकडा असतो आणि सोबत थोडक्यात सूचना असते: शिव्या कितपत, मारामारी कितपत, प्रणयदृश्ये कितपत. १९१२ साली स्थापन झालेले तेथील चित्रपट वर्गीकरण मंडळ हे काम पाहते. पाकिस्तानी वंशाची अनेक कुटुंबे तेथे राहतात. आजीपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांनी मिळून पाहावा असा हा चित्रपट. विषय ठरवून केलेल्या लग्नाचा. स्थळे येतात, गैरसमज होतात, आत्या-मावश्या कुजबुजतात आणि शेवटी निकाह होतो. सगळे हसत घरी जातात.

आपल्यापुढे प्रश्न असा आहे: चुंबन नाही, शिवी नाही, रक्त नाही, एवढ्यावरून तो चित्रपट मुलांसाठी चांगला ठरतो का?

मंडळाला आपण दोष देत नाही. ते केवळ शिव्या मोजत नाही. विषय, सूर, भेदभाव यांचाही विचार करते. परंतु त्याचा मुख्य प्रश्न एवढाच, की या वयाच्या मुलाला हे झेपेल का? समजा, पडद्यावरची मुलगी तीनदा 'नाही' म्हणते. घरचे म्हणतात, लाजते आहे. आई छातीत दुखण्याचे सोंग करते आणि मुलगी मान खाली घालते. सभागृहात हशा पिकतो. यात कात्री लावण्यासारखे काहीच नाही. पण शेजारी बसलेला दहा वर्षांचा मुलगा एक धडा घेऊन उठतो: मुलीच्या नकाराला फारसा अर्थ नसतो.

खुद्द निकाहाचा विधी याच्या उलट सांगतो. त्यात एक बाजू प्रस्ताव मांडते, दुसरी तो स्वीकारते आणि वधूची संमती विचारली जाते. आपल्या वेदीपुढेही दोघांना तेच विचारले जाते. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार विवाह संमतीने घडतो. बळजबरीने किंवा गंभीर भीतीपोटी दिलेल्या होकाराने तो घडतच नाही. इंग्लंड व वेल्समध्ये २०१४ पासून सक्तीचे लग्न लावणे हा गुन्हा आहे. ठरवून केलेले लग्न गुन्हा नाही, आणि तसे असूही नये. मुलांसाठी स्थळ शोधणे हे आईवडिलांच्या मायेचेच काम आहे. पण सुचवणे कोठे संपते आणि दडपण कोठे सुरू होते, हे घरातल्या माणसांनाच ओळखावे लागते. विनोद ही सीमा पुसू शकतो, तशी ठळकही करू शकतो. २०१८ च्या 'लोड वेडिंग' या पाकिस्तानी चित्रपटाने हसत-हसवत हुंड्याच्या ओझ्याकडे बोट दाखवले.

ब्रिटनमध्ये २००२ पासून '१२ए' हा दाखला आहे. बारा वर्षांखालील मुलाला असा चित्रपट चित्रपटगृहात मोठ्या माणसासोबतच पाहता येतो. आपल्याकडे २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने 'यूए' दाखल्याचे ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे केले. त्याहून लहान मुलांबाबत पालकांनी विचार करावा, असा त्याचा अर्थ. दोन्हीकडे उरलेले काम आपल्यावर, म्हणजे शेजारच्या खुर्चीतल्या मोठ्या माणसावर सोपवले आहे. आपणही त्या ठिकाणी हसलो आणि गप्प राहिलो, तर मुलाच्या मनातला धडा पक्का होतो.

म्हणून घरी परतताना मुलांना सहज विचारू या: "ती नाही म्हणाली, तेव्हा तिचे कोणी ऐकले का रे? तू तिचा भाऊ असतास तर काय केले असतेस?" उत्तर ऐकून घेऊ या. आपल्या घरीही आज ना उद्या स्थळ येईल. तेव्हा लेकीला एकटीला जवळ बसवून तिचे मन विचारू या, आणि ती 'नाही' म्हणाली, तर आलेल्या पाहुण्यांना तसे सांगण्याचे धैर्यही आपण ठेवू या.