पाऊस कुणाच्या खात्यावर?

फ्रेंच भाषेतल्या एकाच क्रियापदाचा मला हेवा वाटतो, ते म्हणजे पाऊस पडण्याचं. बाकीची क्रियापदं बिचारी मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशा सहा टेबलांवर रूपं बदलत फिरतात. हे मात्र जन्मभर 'तो'च्या टेबलावर. पडतोय तर 'इल प्लो', पडत होता तर 'इल प्लव्हे', पडेल तर 'इल प्लव्रा'. काळ बदलतो, पण बदली होत नाही! बर्फ पडण्याचं 'इल नेज'ही त्याच टेबलावरचं.

आमच्या कन्येनं अकरावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलंय. तिला म्हटलं, "'इल' म्हणजे तो ना? मग हा 'तो' कोण? पाऊस?"

"नाही हो बाबा, पाऊस क्रियापदातच आला."

"मग देव?"

"नाही."

"ढग?"

"बाबा, तो कुणीच नाही. तो नुसता असतो."

नुसता असणारा माणूस कोणत्या कचेरीत नसतो? पण त्याची नेमणूक कशी झाली, तेही पाहण्यासारखं आहे. प्राचीन ग्रीक लोक सरळ 'झ्यूस बरसतो' असंही म्हणत. म्हणजे जबाबदार अधिकारी ठरलेला. लॅटिनमध्ये 'प्लुइत' या एका शब्दात पाऊस पडून जाई, वेगळा कर्ता लागत नसे. जुन्या फ्रेंचमध्येही 'इल' पुष्कळदा नसेच. पुढे प्रत्येक क्रियापदाला कर्ता हवाच, असा नियम घट्ट झाला आणि रिकाम्या रकान्यात 'इल' बसला.

मराठीनं हा खटाटोप केला नाही. आपल्याकडे पाऊस स्वतःच पडतो. आणि 'उजाडलं', 'सांजावलं', 'गडगडतंय' म्हणताना कुणी उजाडलं हे आपण विचारत नाही. व्याकरणात यांना भावकर्तृक क्रियापदं म्हणतात. क्रियेचा भाव हाच कर्ता! रकाना कोरा, आणि तरी वाक्य मंजूर.

बँकेत मात्र कोरा रकाना चालत नाही. एखाद्या रकमेचा धनी सापडला नाही, की ती आम्ही 'सस्पेन्स अकाउंट'ला टाकतो. ताळेबंद जुळतो आणि माणसं घरी जातात. 'इल' म्हणजे फ्रेंच व्याकरणाचं सस्पेन्स अकाउंट, आणखी काय?

इथवर गंमत आहे. पण त्याच खात्यात फ्रेंचांनी आणखी एक नोंद टाकली आहे: 'इल फो', म्हणजे 'पाहिजे'. वेळेवर यायला पाहिजे, खरं बोलायला पाहिजे. या क्रियापदालाही 'तो'खेरीज दुसरं रूप नाही. पाऊस आणि कर्तव्य एकाच टेबलावर! प्रथम मला हे फार आवडलं. कर्तव्याला साहेब कशाला हवा? ते पावसासारखं शिपायावर आणि मॅनेजरवर सारखंच पडावं. पण मग लक्षात आलं, की 'पाहिजे' म्हणणारा नेहमी छत्रीत असतो, भिजतो तो ऐकणारा. बोलण्यात तर फ्रेंच माणूस 'इल'सुद्धा गाळतो आणि नुसतं 'फो' म्हणतो. हुकूम शिल्लक, हुकूम देणारा पसार!

तत्त्वज्ञांनी हे याहून पुढे नेलं. 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' असं देकार्तनं 1637 साली फ्रेंचमध्येच लिहिलं. त्यावर अठराव्या शतकातल्या लिश्टेनबर्ग या जर्मन पदार्थवैज्ञानिकाचं म्हणणं असं, की 'मी विचार करतो' म्हणणं जरा जास्तच झालं; वीज चमकते तसा विचार होतो, एवढंच म्हणावं. मुद्दा बिनतोड आहे. पण उद्या मी काउंटरवर म्हटलं, "साहेब, मी तुमच्यावर ओरडलो नाही, ओरडणं झालं," तर गिऱ्हाईक ऐकून घेईल का?

आपण मात्र हे रोज ऐकून घेतो. 'कप फुटला', 'उशीर झाला', 'फाईल गहाळ झाली'. आणि सरकारी मराठीतलं ते अजरामर 'करण्यात येईल'! 'आपल्या अर्जाचा विचार करण्यात येईल.' कोण करणार? इल! फ्रेंचमध्ये ठोसे 'बरसतात' तेव्हा आमचं ते एका टेबलाचं क्रियापद चक्क अनेकवचनी होतं, पण कर्ता होतात ठोसे. मारणारा वाक्याच्या बाहेर उभा राहून हात पुसत असतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सस्पेन्स अकाउंट बंद करू नका. पाऊस, बर्फ, उजाडणं, सांजावणं या नोंदी तिथे खुशाल राहू द्या. त्यांचा धनी आजवर भल्याभल्यांना सापडलेला नाही. पण त्या खात्याचा नियम असा आहे, की रक्कम तिथे तात्पुरती ठेवायची असते. ऑडिटर येतो आणि एकेका नोंदीवर बोट ठेवून विचारतो, "ही कुणाची?" फुटलेल्या कपावर, गहाळ फाईलवर आणि बरसलेल्या ठोशांवर बोट आलं, की "इलची" हे उत्तर चालत नाही. तिथे 'मी' लिहावं लागतं. मराठीत ते एकच अक्षर आहे, पण त्याला शाई फार लागते.