गाडी नेमकी कुठे अडली?

अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेलेली घरं प्रसादासोबत हमखास आणखी एक वस्तू घेऊन परततात, ती म्हणजे खेळण्यांच्या दुकानातली रिमोटची गाडी. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातल्या या गावाच्या वाटेवर चतुर्थीला माणसांची रीघ लागते आणि त्या रिघेतलं प्रत्येक लहान पोर खेळण्यांच्या दुकानापाशी एकदा तरी अडून बसतं. गाडी घरी येते, ओसरीवरून अंगणात, अंगणातून गोठ्यापर्यंत धावते. मग एक दिवस बटण दाबलं तरी हलत नाही. घरातलं मोठं माणूस तिला कानाशी नेऊन हलवतं, एक चापट मारतं आणि म्हणतं, "जाऊ दे, जत्रेतला माल. पुढच्या चतुर्थीला दुसरी घेऊ."

आजचं बोलणं या "जाऊ दे"बद्दल आहे. त्यात माया असते, यात शंका नाही. पण त्याच वेळी पोराच्या हातून एक फार मोलाची संधी निसटते.

बंद पडलेली गाडी सबंध बिघडलेली नसते. चार चाकं, साचा, मोटर, सगळ्या वायरी बहुतेक वेळा ठणठणीत असतात. अडलेलं असतं ते एखाद्या नखाएवढ्या जागी. ती जागा शोधायची तर आधी गाडीवरचा सरसकट ठपका काढून टाकावा लागतो आणि साधे प्रश्न विचारावे लागतात. दिवा लागतो का? चाकं उचलून धरली तर फिरतात का? मोटरचा आवाज येतो पण चाक फिरत नाही, असं होतं का? वळण घेते पण पुढे जात नाही, की पुढे जाते पण मागे येत नाही?

प्रत्येक उत्तर शोधाचा परीघ लहान करत नेतं. मोटर घुमते आणि चाक थंड असतं, तेव्हा वीज आणि रिमोट दोघंही निर्दोष असतात. अशा वेळी दातेरी चाकं बघावीत. मोटरच्या दांड्यावरचं सर्वांत लहान चाक तडकतं आणि दांडा आतल्या आत मोकळा फिरत राहतो. किंवा आसाला गोधडीचा दोरा, केस गुंडाळलेले असतात. गाडी पुढे जाते पण मागे येत नाही, तर मोटर चांगलीच आहे, कारण ती दोन्ही दिशांना तीच असते. तिला उलट वीज देणारा चिमुकला ट्रान्झिस्टर गेलेला असू शकतो, नाहीतर रिमोटमधल्या त्याच बटणाखालचा काळा रबरी ठिपका झिजलेला असतो. आता बघायच्या जागा दोनच उरल्या.

दिवाळीच्या सुट्टीत आलेली भाची गाडी घेऊन माझ्याकडे आली. "मामा, गाडी चालंना." म्हटलं, चालंना म्हणजे कशी? ती थबकली. मग स्वतःच गाडी जमिनीवर ठेवून बघू लागली आणि सांगू लागली. दूर उभं राहून नुसतं डावं-उजवं केलं तर पुढची चाकं नीट वळतात. पण पुढे जायचं बटण दाबलं की गाडी एक झटका देते आणि थांबते, पुन्हा झटका, पुन्हा थांबते. रिमोट अगदी जवळ नेला तर थोडी बरी चालते.

एवढ्या बारकाईनं सांगितलेल्या तक्रारीत निम्मी दुरुस्ती झालेली असते. चाकं दुरून वळतात, म्हणजे रिमोट बोलतोय आणि गाडी ऐकतेय. मोठी मोटर सुरू झाली की मात्र ऐकणं तुटतं. याची कारणं तीन, आणि वरून तिन्ही सारखीच दिसतात. एक, सेल दमलेले असतात. मोटर वीज खेचते, दाब कोसळतो आणि हुकूम ऐकणारी चिप क्षणभर मरते. दोन, सेल चांगले असतात, पण स्प्रिंगला गंज चढलेला असतो. तीन, मोटर स्वतःच इतका विजेचा गोंगाट करते की त्यात रिमोटचा आवाज बुडून जातो.

इथं उतावळा माणूस एकाच वेळी सेल बदलतो, स्प्रिंग घासतो, वायरीही हलवतो. गाडी चालली तरी अडलं कुठं होतं हे त्याला कळत नाही आणि पुढच्या वेळी त्याची पाटी पुन्हा कोरी. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हा नियम मुलांना पाळायला जड जातो, मोठ्यांना त्याहून जड.

आधी सेल. सेल नुसता काढून मल्टीमीटर लावला तर थकलेला सेलही बऱ्यापैकी दाब दाखवतो आणि फसवतो. त्याला काम करताना तपासावं लागतं. भाचीनं बटण दाबून धरलं, मी काटे सेलच्या खोबणीला टेकवले. दीड-दीड व्होल्टचे तीन सेल, म्हणजे साडेचार. मोटर झटके देत होती तरी आकडा थोडाच खाली आला. सेल निर्दोष. शिवाय आम्ही तो आकडा स्प्रिंगच्या पुढे, पट्टीवर जिथं वायर जोडलेली असते तिथं घेतला होता, म्हणून स्प्रिंगही निर्दोष. (जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत, हे जाता जाता सांगितलंच पाहिजे. जुना आधी संपतो, नवे त्याच्यातून वीज ढकलत राहतात, आणि तो पाझरतो. स्प्रिंगवर पांढरट-हिरवट खार बसतो तो त्यामुळेच.)

राहिला गोंगाट. पेच काढून वाटीत ठेवले आणि पत्रा-प्लास्टिकच्या आत मोटर दिसली. अशा मोटरीत ब्रश फिरत्या तांब्यावर घासतात, बारीक ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी एक छोटा रेडिओ सिग्नल सोडते. तो गिळायला मोटरच्या दोन टोकांमध्ये डाळीएवढा तपकिरी कपॅसिटर बसवलेला असतो. त्यावर १०४ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ दहावर चार शून्यं, म्हणजे एक लाख पिकोफॅरड. भाचीच्या गाडीत त्याचा एक पाय मुळाशी तुटला होता. ओसरीच्या पायरीवरून गाडी पडत राहिली असणार. कथिलाचा एक डाग दिला आणि गाडी अंगणाच्या टोकापर्यंत सरळ गेली.

तिला आनंद गाडी चालल्याचा झालाच, पण ती डागाकडेच जास्त वेळ बघत होती. "एवढंच तुटलं होतं?" असं तिनं विचारलं. इतक्या मोठ्या गाडीत एवढंसं. मला हा प्रश्न फार आवडला. ज्या मुलाला एकदा हे दिसतं, ते उद्या गणितात नापास झाल्यावर "मला गणित येत नाही" असं सरसकट म्हणण्याआधी कदाचित विचारेल, नेमकी कोणती पायरी येत नाही?

जालन्याच्या शेतकऱ्याला ही रीत परकी नाही. विहिरीतली पाणबुडी मोटर बंद पडली की जाणता माणूस लगेच ती वर ओढायला माणसं बोलावत नाही. तो आधी बघतो, डीपीवरून तिन्ही फेज येतात का. मग स्टार्टर: ओव्हरलोडचा रिले पडलाय का, आत मुंग्यांनी घर केलंय का. मग केबल आणि तिचे जोड. मोटर वर काढणं सगळ्यात शेवटी, कारण ते सगळ्यात जड काम. स्वस्त प्रश्न आधी, महाग प्रश्न मागून. ज्याला हे ठाऊक नसतं तो चांगली मोटर टेम्पोत घालून रिवायंडिंगवाल्याकडे नेतो आणि एका फेजसाठी ऐन रब्बीत पाण्याची पाळी घालवतो. विजेच्या थ्री-फेजशी मुलांनी खेळू नये, हे खरं. पण विचाराची हीच चाल साडेचार व्होल्टच्या गाडीत बिनधोक शिकता येते. एवढी सुरक्षित आणि एवढी पूर्ण कार्यशाळा घरात दुसरी सापडणार नाही.

पूर्ण का म्हणतो ते सांगतो. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लानं पाण्याच्या टाकीत एक नाव तारेविना चालवून दाखवली आणि त्याच वर्षी तिचं पेटंट मिळवलं. हुकूम सोडणारा, हुकूम ऐकणारा आणि सेलवर चालणारी मोटर हीच मांडणी आजही जत्रेतल्या गाडीत आहे. साध्या गाड्यांत रिमोट २७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर ठोके पाठवतो. अशा गाड्यांत खूप वापरल्या गेलेल्या एका चिपच्या जोडीत मागे ये म्हणजे ४० ठोके, मागे येत उजवीकडे वळ म्हणजे ४६, मागे येत डावीकडे वळ म्हणजे ५२. गाडीतली चिप ठोके मोजते आणि तसं वागते. गोंगाटानं मधले ठोके खाल्ले की मोजणी चुकते आणि गाडी जागीच थांबते. भाचीच्या गाडीचे झटके असेच आले होते.

पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एक सेल, एक चुंबक, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि दोन सेफ्टी पिना यांतून होणारी त्यांची मोटर अनेक शिक्षकांनी वर्गात करून घेतली आहे. ज्या मुलानं ती मोटर एकदा फिरवली, त्याला खेळण्याच्या पोटातली मोटर बघून भीती वाटत नाही. आपल्याकडच्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत बंद खेळण्यांची एक पेटी असावी, असं मला मनापासून वाटतं. मुलांनी घरून आणून टाकावीत आणि शनिवारी दप्तराविना उघडून बसावं. चालू झाली तर आनंद, नाही झाली तरी कुठे अडलंय ते सापडणं हेही यशच धरावं.

शिवाय भंगाराचा हिशेब आहे. जालना पोलादाचं शहर आहे. मोडकं लोखंड इथल्या भट्ट्यांत वितळतं आणि बांधकामाच्या सळ्या होऊन पुन्हा उभं राहतं. लोखंडाला ही सोय आहे, गाडीला नाही. तिच्यात प्लास्टिक, तांबं, कथील, सेल सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत विजेची खेळणीही धरली आहेत. पण गावातली तुटकी गाडी शेवटी उकिरड्यावर जळते, नाहीतर नाल्यात जाते, हे आपण रोज बघतो. डागाएवढ्या कामानं वाचणारी गाडी त्या वाटेला का लावायची?

एक सावधगिरी मात्र हवी. गाडीत गोल-चपटे बटण सेल असतील तर लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नयेत. ते गिळले गेले तर जिवावर बेततं. चार्जिंगच्या गाडीतला फुगलेला सेल तर उघडूही नये आणि चार्जिंगलाही लावू नये.

दुसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा आपली तशीच गाडी घेऊन आला. भाचीनं बटण दाबलं आणि दोन्ही गाड्या पळाल्या. दोघं आधी हसली, मग भांडली, मग तिनंच ठरवलं, आधी तुझा रिमोट बंद कर आणि सेल काढून ठेव, म्हणजे कळेल कुणाचा हुकूम कोण ऐकतंय. दोन्ही गाड्या २७ मेगाहर्ट्झच्या एकाच वाटेवर होत्या, हे मी नंतर सांगितलं. तोवर त्यांनी ते अर्धं शोधून काढलं होतं.