संशयाचा फायदा कोणास?



न्यायालयाचा एक नियम आपणां सर्वांस ठाऊक आहे. आरोपीवरील आरोप निःसंशय सिद्ध झाला नाही, तर संशयाचा फायदा आरोपीस मिळतो. नियम थोर आहे, कारण तो माणसाच्या रक्षणासाठी केलेला आहे. परंतु हाच नियम आपण नकळत एका भलत्याच ठिकाणी लावीत आलो आहोत. आपल्या हवेत, पाण्यात, वस्त्रांत व अन्नात जी रसायने मिसळतात, त्यांच्याविषयी शंका निघाली की आपण म्हणतो, 'आधी सिद्ध करा. सिद्ध होईपर्यंत चालू द्या.' म्हणजे संशयाचा फायदा आपण रसायनास देतो. हे धर्म्य आहे काय, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. आणि ज्या रोगाच्या निमित्ताने तो आम्ही मांडीत आहो, तो रोग म्हणजे स्त्रियांच्या स्तनाचा कर्करोग.

देवळाच्या पत्रिकेत हा शब्द कशाला, असे काहींस वाटेल. परंतु ज्या शब्दाच्या लाजेने भगिनी महिनोन्‌महिने गाठ लपवून ठेवतात, तो शब्द देवाच्या दारी उच्चारण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. आमचे वडील देवाची पूजाअर्चा करतात. त्यामुळे ओसरीवर बसून आपले दुःख सांगणाऱ्या माणसांचे बोल लहानपणापासून आमच्या कानी पडत आले आहेत. या रोगाने गाठलेली स्त्री बहुधा एकच प्रश्न विचारते : 'आम्ही असे कोणते पाप केले?' हा प्रश्न ऐकून स्वस्थ बसणे आम्हांस कठीण जाते. आम्ही वैद्य नाही की शास्त्रज्ञ नाही. आमचे शिक्षण शाळेपुरतेच झालेले आहे. तथापि जे वाचले व समजून घेतले, ते प्रांजळपणे सांगत आहो.

प्रथम रोगाचा विस्तार पाहू. भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच होय. २०२२ साली आपल्या देशात सुमारे १ लक्ष ९२ हजार स्त्रियांस तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्यास बळी पडल्या, असा जागतिक गणनेचा अंदाज आहे. आईबापांकडून आलेला दोष यास कारण होतो तो शेकडा पाच ते दहा रुग्णांतच. जपानी स्त्रियांत हा रोग एके काळी फार थोडा होता. परंतु अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबांच्या पुढील पिढ्यांत त्याचे प्रमाण तेथील इतर स्त्रियांच्या जवळ जाऊन पोहोचले. वंश तोच, रक्त तेच; बदलली ती राहणी आणि परिसर. ऋतुप्राप्ती लवकर होणे, पहिले मूल उशिरा होणे, मद्यपान, उतारवयातील स्थूलपणा ही काही कारणे ठरलेली आहेत. मुलास अंगावर पाजण्याने धोका काहीसा कमी होतो, हेही ठरलेले आहे. परंतु एवढ्याने सगळा हिशेब लागत नाही. म्हणून संशोधकांची दृष्टी परिसरातील रसायनांकडे वळली.

रसायनाने कर्करोग होतो, ही गोष्ट काही नवी नाही. लंडन येथील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट याने १७७५ साली दाखवून दिले की, धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणारा एक कर्करोग काजळीमुळे होतो. १८९५ साली जर्मनीत लुडविग रेन याने रंगाच्या कारखान्यातील कामगारांच्या मूत्राशयाच्या कर्करोगाची नोंद केली. हे दुसरे उदाहरण सुरतकरांनी विशेष ध्यानात घ्यावे, कारण आपले शहर रंगावरच उभे आहे. पांडेसरा, सचिन, उधना या भागांतील डाइंग-प्रिंटिंग मिलांत देशभरच्या साड्या रंगतात. आणि जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली लिंबायत-डिंडोलीची आपली कितीतरी कुटुंबे त्याच कामावर जगतात. बेंझिडीन या द्रव्यापासून होणाऱ्या रंगांवर व पुढे १९९७ साली आणखी ७० अॅझो रंगांवर आपल्या सरकारने बंदी घातली. त्याआधी १९९४ साली जर्मनीने अशा रंगांचे कापड आपल्या बाजारातून हद्दपार करण्याचा नियम केला होता. रेनच्या नोंदीपासून त्या नियमापर्यंत ९९ वर्षे गेली! एवढा काळ संशयाचा फायदा रंगासच मिळत राहिला.

त्वरित मारणारे विष सर्वांस दिसते. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात रसायन ओतले जात असता वायू पसरला व ६ कामगार प्राणास मुकले. त्या दिवशी सारे शहर हादरले. परंतु जे विष आज शरीरात शिरते आणि तीसचाळीस वर्षांनी फळास येते, त्याची वार्ता कोण छापणार?

आता मूळ रोगाकडे येऊ. डी. डी. टी. हे नाव आपल्या वडीलधाऱ्यांस परिचित आहे. घराच्या भिंतींवर ते फवारले जाई. १९६२ साली रेचल कार्सन या अमेरिकन विदुषीने या व अशा कीटकनाशकांविषयी जगास सावध करणारा ग्रंथ लिहिला. तो लिहीत असताना त्यांना स्वतःलाच स्तनाचा कर्करोग झालेला होता आणि १९६४ साली त्यांचे देहावसान झाले. पुढे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड येथील स्त्रियांच्या आग्रहावरून मोठी पाहणी झाली. २००२ साली तिचे निष्कर्ष आले, ते असे की रक्तातील डी. डी. टी.चे अंश व हा रोग यांचा संबंध दिसत नाही. झाले, रसायन निर्दोष सुटले, असे कोणासही वाटावे.

परंतु त्या पाहणीत रक्त तपासले होते ते प्रौढ वयात, रोग झाल्यानंतर. कॅलिफोर्नियातील ओकलंड भागात १९५९ ते १९६७ या काळात हजारो गर्भवती स्त्रियांनी आपले रक्त संशोधनासाठी दिले होते आणि ते जपून ठेवलेले होते. बार्बरा कोन यांच्या संशोधक-मंडळाने ते तपासले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, डी. डी. टी.चा वापर सर्वत्र सुरू झाला त्या १९४५ च्या सुमारास ज्यांचे वय चौदाच्या आत होते, त्यांच्यापैकी रक्तात ते अधिक असलेल्या स्त्रियांस या रोगाचा धोका सुमारे पाचपट आढळला. ज्या त्या वेळी मोठ्या झालेल्या होत्या, त्यांच्यात तसा संबंध दिसला नाही. २०१५ साली त्याच स्त्रियांच्या मुलींविषयीचे निष्कर्ष आले. आईच्या रक्तात या द्रव्याचा एक प्रकार सर्वाधिक असेल, तर मुलीचा धोका जवळजवळ चौपट. रुग्णसंख्या लहान होती, म्हणून हा शेवटचा शब्द नव्हे. तरी त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डी. डी. टी.स 'बहुधा कर्करोगजनक' या वर्गात घातले.

यातील मर्म काय? स्तनाची घडण एकदाच होत नाही. गर्भात तिचा आरंभ होतो, वयात येताना ती वाढते, पहिल्या गर्भारपणी पूर्णतेस जाते. या तीन काळांत तेथील पेशी झपाट्याने वाढत असतात व शरीरातील हॉर्मोनांच्या आज्ञेने चालत असतात. काही रसायने त्या हॉर्मोनांची नक्कल करतात. कोवळ्या रोपास जे बाधते ते वठलेल्या खोडास बाधत नाही, हे खानदेशच्या शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. म्हणून विष किती, या प्रश्नाइतकाच विष केव्हा, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

आणि येथेच नैतिक प्रश्न आपल्या खऱ्या स्वरूपात उभा राहतो. १९६० च्या सुमारास दिलेल्या रक्ताचे उत्तर २००७ व २०१५ साली मिळाले. संशोधनात कोणी आळस केला नाही. गर्भातील कन्या पन्नाशीला येईपर्यंत थांबणे भागच होते. परंतु उत्तर येईपर्यंत मुली जन्मास यावयाच्या थांबत नाहीत. 'सिद्ध होईपर्यंत चालू द्या' याचा सरळ अर्थ असा की, ज्यांच्या शरीरावरून सिद्धता व्हावयाची, त्या एका पिढीच्या कन्या होत. त्यांची संमती कोणी घेतली? आरोपी माणूस असतो, त्यास प्राण असतो, अब्रू असते. म्हणून संशयाचा फायदा त्यास. रसायनास ना प्राण ना अब्रू. तेथे तो फायदा न्यायाने त्या अजाण बालिकेकडेच गेला पाहिजे.

यावर एक सबळ आक्षेप आहे आणि तो आम्ही टाळीत नाही. याच डी. डी. टी.ने आपल्या देशात अगणित प्राण वाचविले. १९५३ साली हिवतापाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम निघाली तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोक हिवतापाने आजारी पडत व आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. त्या काळी कोणी शंकेपोटी फवारणी अडविली असती, तर तोही अधर्मच झाला असता. तसेच गिरण्या उद्या बंद केल्या, तर लिंबायतच्या चुली विझतील. हे सर्व खरे आहे. म्हणूनच आमचे म्हणणे 'संशय आला की बंद करा' असे नाही. आमचे म्हणणे असे की, संशय आला की तीन प्रश्न विचारावेत. लाभ कोणास होतो? धोका कोण सोसतो, आणि त्यास तो ठाऊक आहे काय? याहून निरुपद्रवी मार्ग उपलब्ध आहे काय? हिवतापाच्या फवारणीत ज्यास धोका त्यासच लाभ होता व दुसरा मार्ग नव्हता. नाल्यात रात्री रसायन ओतण्यात लाभ एकाचा व धोका भलत्याचाच असतो; आणि सांडपाणी शुद्ध करण्याचा मार्ग उघडा असतो. या दोहोंस एकाच तराजूत घालता येणार नाही.

दुसरी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खबरदारीचे ओझे पुष्कळदा एकट्या स्त्रीच्याच माथी येते : हे खाऊ नकोस, ते वापरू नकोस, हा डबा टाक, ती बाटली फेक. आणि एवढे करूनही रोग झालाच, तर पुन्हा दोष तिचाच! पूर्वी पापाचा, आता हलगर्जीपणाचा. हा अन्याय आहे. कोणत्याही एका स्त्रीकडे बोट दाखवून 'तुझा रोग अमक्याने झाला' असे सांगण्याचे सामर्थ्य आज शास्त्रात नाही. जे विष सर्वांच्या हवेत आहे, त्याचे निवारण सर्वांनी मिळूनच करावयाचे असते. प्रारब्धावर आमची श्रद्धा आहे. परंतु जे मनुष्याने नाल्यात ओतले, ते प्रारब्धाच्या खात्यावर मांडणे ही देवावर घातलेली खोटी तोहमत होय.

मग करावे काय? आपल्या कित्येक भगिनी घरी बसून साड्यांवर खडे-टिकल्या चिकटवतात. त्या गोंदात काय आहे, हे डब्यावर लिहिलेले असावे, अशी मागणी सर्वांनी मिळून व्यापाऱ्याकडे करावी. तोवर काम खिडकीशी, वाऱ्यावर करावे व वयात येणाऱ्या मुलींस त्या वासात तासन्‌तास बसवू नये. त्या गोंदाने हा रोग होतो, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. जे ठाऊक नाही ते कोवळ्या अंगापासून दूर ठेवावे, एवढेच. देवळातही आरंभ करता येईल. हळदीपासून केलेले कुंकू व कृत्रिम रंगाची भुकटी यांत भेद आहे. देवाच्या पायाचे म्हणून जे आपण कन्येच्या कपाळी लावतो, ते कशाचे केलेले आहे हे दुकानदारास विचारण्यात संकोच कसला?

आणि गाठ लागली तर लपवू नये. दुखत नाही म्हणून थांबू नये. टाटा रुग्णालयाने १९९८ साली मुंबईत सुमारे दीड लक्ष स्त्रियांचे संशोधन आरंभिले. त्यांपैकी अर्ध्या स्त्रियांची तपासणी शिकविलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केली. २०२१ साली निष्कर्ष आले की, पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत या तपासणीने मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. यंत्र नव्हते, शिकविलेले हात होते. अशी तपासणी आपल्या सिव्हिल हॉस्पिटलात किंवा स्मीमेरमध्ये जाऊन करून घेण्यात कसली लाज?

शेवटी एक विचार. ओकलंडच्या त्या मातांनी रक्त दिले, तेव्हा त्याचा उपयोग कोणास व केव्हा होईल, हे त्यांस माहीत नव्हते. त्यांच्यातील अनेकींना उत्तर कळलेही नसेल. तरी त्या दानामुळे आज आपल्या कन्यांविषयी आपणांस काही कळले आहे. फळाची वाट न पाहता केलेले कर्म ते याहून वेगळे काय असते? उद्या आपल्या वस्तीत कोणी आरोग्याची पाहणी करण्यास आले, तर भगिनींनी दार लावून घेऊ नये. आणि ज्ञान येईपर्यंत आपण सर्वांनी संशयाचा फायदा त्या पाळण्यातील जिवास द्यावा. तापीमाई खानदेशातून येताना आपले पाणी सर्वांस सारखेच देते. ते निर्मळ राखण्याची बुद्धी आम्हां सर्वांस होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.