नदी नासली, दोष कुणाचा?

चंद्रभागेत उतरताना आपण आधी पाणी डोळ्यांना लावतो. मग त्याच पाण्यात कुणी पत्रावळ सोडतो, कुणी जुने धोतर. मागल्या आषाढीला आम्हीच सोडले. कुणी हटकले, तर म्हणालो, "एवढ्याने काय होतंय, आम्हांला काय ठाऊक!" हे ठाऊक नसणे माणसाला दोषातून सोडवते काय?

१९७४ सालच्या जलप्रदूषणाच्या कायद्यातले २४ वे कलम म्हणते, की जाणूनबुजून कुणी घाण वा विषारी पदार्थ प्रवाहात टाकू नये, जाऊ देऊ नये. 'जाणूनबुजून' हा शब्द पळवाटेला मोठा सोयीचा. पण 'जाऊ देऊ नये' हेही तिथेच आहे. आपले गटार नदीला मिळते हे रोज दिसत असता न जाणण्याचे सोंग किती दिवस चालणार?

कानपूरचेच पाहा. तिथल्या चर्मालयांचे पाणी गंगेत जाई. एम. सी. मेहता नावाचे वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर १९८७ मध्ये न्यायालयाने ठरवले, की मुदतीत प्राथमिक शुद्धीकरणाची सोय न करील त्याने धंदा बंद ठेवावा. ऐपत नाही ही सबब चालली नाही. किमान मजुरी देऊ न शकणारा कारखाना जसा चालू देता येत नाही, तसेच हे. बेकारी येईल हे न्यायमूर्तींनाही दिसत होते. तरी लोकांचे जीवित नि आरोग्य त्यांनी वरचढ मानले.

इथे आमचे मन अडखळते. चामडे कमावणाऱ्या मजुराची चूल विझायची, आणि साऱ्या शहराचा मैला तसाच वाहायचा? रोहिदासांचे नाव घेणाऱ्यांनी हे विचारायला नको? बरे झाले, जानेवारी १९८८ मध्ये तेच न्यायालय महापालिकेकडे वळले. गटारे, गोठ्यांचे शेण, नदीत सोडलेली प्रेते, सर्वांबद्दल हुकूम झाले, आणि गंगेकाठच्या इतर नगरपालिकांनाही ते लागू केले. मेहतांची नदीकाठी जमीन नव्हती. पाणी वापरणाऱ्यांच्या जिवाची कळकळ एवढाच अधिकार पुरला.

पुढे १९९१ मध्ये बिहारच्या एका खटल्यात न्यायालयाने जगण्याच्या हक्कात निर्मळ पाणी धरले. गंमत अशी, की तो अर्ज मात्र फेटाळला. अर्जदार नदीसाठी नव्हे, कंपनीवरचा राग काढायला आला होता, असे न्यायालयास दिसले. हक्क खरा, मागणाऱ्याचे मन गढूळ.

हे वाचून आम्ही जरा वरमलो. नगरपालिकेला बोल लावतो तेव्हा आमच्या मनात चंद्रभागा असते, की गावकीतले जुने भांडण, हे आम्हांस अजून नीट सांगता येत नाही. धोतर मात्र यंदा ओलेच पिशवीत घालून परत आणले.